छोट्या कॅबिनेटात चार हार्डडिस्क: मापं, पेच, तारा आणि हवा

कोपरा

मंडळी, फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ कॅबिनेट आहे. मिनी-आयटीएक्स म्हणजे छोट्या आकाराचा मदरबोर्ड (डिस्क जोडायची साटाची चार पोर्टं, पट्टीसारखी एसएसडी बसवायची एम.२ खाच एक) आणि साधा एटीएक्स एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. बसवायचंय ते असं: ३.५ इंची डिस्क चार (दोन जुन्या २ टीबीच्या, दोन नव्या ८ टीबीच्या) आणि ओएससाठी २.५ इंची साटा एसएसडी एक. कॅबिनेटमध्ये तीन ब्रॅकेटांवर मिळून सहा डिस्क मावतात, त्यामुळे चार आरामात बसायला हव्यात. पण अडतंय ते इथे:

१) ८ टीबीच्या डिस्कला बाजूला दोनच भोकं आहेत, मधलं भोक नाही. खालची भोकंही जुन्या डिस्कशी जुळत नाहीत.
२) तिसरं ब्रॅकेट लावलं की त्यावरच्या डिस्कच्या तारा एसएमपीएसच्या जुडग्यावर दाबल्या जातात.
३) पोर्टं चार, डिस्क पाच.

पत्रा कापायची तयारी आहे, पण त्याआधी विचारून घेतो.

आटेदार

पत्रा कापू नका. तुमच्या डिस्क सदोष नाहीत आणि कॅबिनेटही चुकीचं नाही. भोकांची ठेवण मध्यंतरी बदलली, इतकंच.

३.५ इंची डिस्क १०१.६ मिमी रुंद, १४७ मिमी लांब आणि जास्तीत जास्त २६.१ मिमी जाड असते. जुन्या ठेवणीत प्रत्येक बाजूला तीन भोकं असायची. जास्त क्षमतेच्या डिस्कमध्ये प्लेटर, म्हणजे आतल्या फिरत्या तबकड्या, वाढले, त्यांना जागा करून देताना बाजूचं मधलं भोक गेलं. उरलेल्या दोन भोकांतलं अंतर १०१.६ मिमी, आणि पहिलं भोक कनेक्टरच्या टोकापासून २८.५ मिमीवर. ही दोन्ही मापं जुन्या डिस्कमध्येही तीच आहेत, म्हणून बाजूने पेच लावणाऱ्या ब्रॅकेटात नवी डिस्क बसतेच. फक्त टोकाची दोन भोकं वापरायची, मधल्याचा नाद सोडायचा.

खालच्या बाजूचं गणित वेगळं. जुन्या डिस्कला खाली चार भोकं: आडवं अंतर ९५.२५ मिमी, उभं ४४.४५. नव्या ठेवणीत उभं अंतर ७६.२ झालं. कनेक्टरकडची जोडी दोन्हींत एकाच जागी, म्हणजे टोकापासून ४१.२८ मिमीवर आहे. दुसरी जोडी मात्र मागे सरकली. त्यामुळे खालून पेच घेणाऱ्या जुन्या ट्रेमध्ये नवी डिस्क दोनच पेचांवर राहते. आडवी ठेवली तर एक वेळ चालेल, पण उभी किंवा लटकती डिस्क दोन पेचांवर ठेवू नका. सातशे ग्रॅमच्या आसपासचं वजन एका टोकाला लोंबकळतं आणि सगळी थरथर त्या दोन आट्यांवर येते. अशा वेळी ट्रेवर मोजून दोन नवी भोकं पाडा. ४ मिमीचं ड्रिल पुरे. ट्रे कॅबिनेटमधून बाहेर काढून, डिस्क दूर ठेवून पाडा, आणि कडेची कुसळं कानशीने घासून टाका. पत्र्याचा कीस डिस्कच्या सर्किटवर पडला तर पुढचं सांगायला नको.

आता पेच. ३.५ इंचीला ६-३२ लागतो, म्हणजे जाड आट्यांचा. २.५ इंची डिस्क, एसएसडी आणि मोठा डीव्हीडी रायटर यांना एम३ लागतो, तो बारीक आट्यांचा. पेटीत दोन्ही एकत्र असतात आणि घोळ इथेच होतो. एम३ पेच ६-३२ च्या भोकात सैल फिरतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटून सुटतो. उलट ६-३२ पेच एम३ च्या भोकात एखादा आटा धरतो आणि उरलेले खरवडून टाकतो. डिस्कचं अंग ओतीव ॲल्युमिनियमचं असतं, तिथे आटे एकदा गेले की गेले. ओळखायची साधी रीत: दोन पेच शेजारी धरा, ज्याचे आटे मोजता येतात तो ६-३२.

लांबीही बघा. बाजूच्या भोकात पेच साडेतीन मिमीच्या फार पुढे जाऊ देऊ नका, २.५ इंचीत तीन मिमीपर्यंतच. ‘थोडा लांब आहे, पण जातोय’ म्हणत पिळलेला पेच सर्किटच्या कडेला टेकल्याची उदाहरणं कमी नाहीत. हातातला साधा पेचकस वापरा, बोटांच्या जोराने. बॅटरीवाला पेचकस या कामाला नको.

सहा_बत्तीस

आटेदारांना अनुमोदन. एक पुरवणी: तुमच्या ब्रॅकेटात रबरी वायसर असतील तर त्यांचे पेच वेगळे असतात. डोक्याखाली काही मिमी गुळगुळीत मान असते आणि आटे फक्त टोकाला. मान डिस्कला टेकली की थांबायचं. रबर तेव्हा नुसतं धरलेलं राहतं, चेपत नाही. त्या जागी साधा पेच लावून पिळला तर रबराची चकती होते आणि ते असून नसल्यासारखं. रबर काढून हाच मानवाला पेच थेट पत्र्यावर लावणं त्याहून वाईट, कारण मग तो हवा त्यापेक्षा आत जातो.

तारांगण

क्रमांक दोनबद्दल. सहा डिस्क मावतात हे खरंच आहे, पण त्या मोजणीत तारा नसतात. छोट्या कॅबिनेटात जागा डिस्क खात नाही, डिस्कच्या मागचे तीन-चार सेंटिमीटर खातात.

डिस्क १४७ मिमी. सरळ साटा कनेक्टर, त्यामागे तार वळायला लागणारी जागा आणि पॉवरचा कनेक्टर धरला की १८५ च्या आसपास जाते. काटकोनी कनेक्टर लावलात तर १६५ मध्ये भागतं. तुमची अडचण बहुतेक या दोन सेंटिमीटरांत सुटेल.

पण काटकोनी तारा दोन जातींच्या मिळतात. एकीची तार वळून डिस्कच्या लेबलकडे जाते, दुसरीची सर्किटकडे. दोन डिस्क शेजारी असतील तर चुकीच्या जातीची तार शेजारच्या डिस्कच्या कनेक्टरवरच येऊन बसते. म्हणून चारही एका जातीच्या आणू नका. आधी एक-एक आणून लावून बघा. तारांची दिशा एकाच बाजूला, एसएमपीएसच्या विरुद्ध दिशेला निघेल अशी ठेवा. त्यासाठी एखादी डिस्क उलटी लावावी लागली तरी हरकत नाही. आडवी, उभी, लेबल वर, लेबल खाली, कशीही चालते. तिरकी मात्र नको.

पॉवरसाठीही तेच. एसएमपीएसच्या सरळ कनेक्टरमधल्या तारा फार ताठ असतात. तारेच्या मधोमध काटकोनात चिकटलेले पॉवर कनेक्टर असलेली पट्टी मिळते, ती एकावर एक असलेल्या डिस्कना बरोबर बसते, फक्त कनेक्टरांमधलं अंतर डिस्कमधल्या अंतरापेक्षा किंचित जास्त हवं. कमी असेल तर तार ताणली जाते आणि कनेक्टर हळूहळू तिरका होतो. साटाच्या पॉवर कनेक्टरमधली ती एल आकाराची प्लास्टिकची जीभ डिस्कच्या बाजूला असते, तार तिरकी ओढली की तीच मोडते.

तार चेपली किंवा सैल बसली हे कसं कळणार? डिस्क लगेच मरत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची यादी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या यादीत १९९ नंबरची नोंद असते, सीआरसी एररची, म्हणजे तारेतून जाताना बिघडलेल्या डेटाची. ती वाढत असेल तर दोष तारेत किंवा कनेक्टरमध्ये, डिस्कमध्ये क्वचितच. हा आकडा कधी शून्यावर परत येत नाही, त्यामुळे बसवायच्या दिवशी लिहून ठेवा आणि आठवड्याने ताडून बघा. ५ आणि १९७ या खराब सेक्टरच्या नोंदी वाढायला लागल्या तर मात्र ते प्रकरण डिस्कचं.

क्लिप नसलेल्या साटा तारा छोट्या कॅबिनेटात वापरूच नका. झाकण लावताना त्या कोपराने बाहेर येतात.

कोपरा

सगळ्यांचे आभार. टोकाच्या दोन भोकांत पेच बरोबर बसले. काटकोनी तारा दोन्ही जातींच्या मागवतो. पण चौथ्या डिस्कला पॉवर कुठून द्यायची? एसएमपीएसच्या साटा पट्टीत तीनच कनेक्टर आहेत. एकाचे दोन करणारी वायर घेऊ का?

बाराव्होल्ट

एकाचे दोन चालतील. एकाचे चार कधीच नको. कारण सांगतो.

७२०० फेऱ्यांची ३.५ इंची डिस्क चालू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते, नंतर काही वॅटवर येते. चार डिस्क एकदम फिरायला लागल्या की ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट, ते काही सेकंदांसाठी. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येक दीड अँपिअरची. एका कनेक्टरची ताकद झाली साडेचार. त्यावर दोन डिस्क कशाबशा बसतात, चार लावल्या तर पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग काळं.

जुना चार पिनांचा मोलेक्स याहून खूप दणकट असतो. शिल्लक असेल तर त्यातून साटा काढा. पण वायर बघून घ्या. ज्या कनेक्टरमध्ये तारा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात, तो घेऊ नका. आत तारा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या असल्या तर कळत नाही, आणि असे कनेक्टर जळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. प्रत्येक तार वेगळी खोचलेली आणि मागून दिसणारी असेल, तोच घ्या.

ज्यांच्याकडे एटीएक्स एसएमपीएस नाही, बाहेरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि बोर्डाला चिकटणारी छोटी पॉवर पट्टी आहे, त्यांनी तर हे गणित आधी मांडावं. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे ६० वॅट. तीन डिस्क एकदम फिरल्या की व्होल्टेज पडतं, मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं, पुन्हा बंद. लोक रॅम बदलतात, बोर्ड बदलतात. दोष अडॅप्टरचा असतो. बायोसमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये डिस्क एकामागोमाग एक फिरवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

आणखी एक. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली मोठी डिस्क बसवणार असाल आणि ती अजिबात फिरत नसेल, तर घाबरू नका. नव्या साटा नियमात पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. जुने एसएमपीएस त्या पिनेवर ३.३ देतच असतात. मोलेक्समधून पॉवर दिली की प्रश्न मिटतो, कारण मोलेक्समध्ये ३.३ नसतोच. नाहीतर डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी टेप) बारीक पट्टी. साधी सेलोटेप नको, उष्णतेने तिचा डिंक सरकतो.

कोपरा

बाहेरच्या डब्यातून काढलेली नाहीये, पण माहिती कामाची. मोलेक्स एक मोकळा आहे.

विदर्भी_ऊन

सगळे बसवण्यावर बोलतायत, तापण्यावर कुणी नाही. आमच्याकडे मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत ४० अंश असतात, तेव्हा छोट्या कॅबिनेटातली डिस्क पन्नाशी गाठते. कंपन्या ६० च्या आसपासची मर्यादा देतात, पण ४५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असावा.

बसवताना लक्ष दोन गोष्टींवर. पहिली, दोन डिस्कमध्ये किमान ५-६ मिमी फट. चार डिस्क सहा जागांत लावायच्या आहेत, मग त्या लगोलग लावू नका, मधली जागा सोडा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पंख्याने ढकललेली हवा डिस्कमधूनच जायला हवी. हवा आळशी असते. डिस्कच्या बाजूने मोठी फट दिसली की ती तिकडून जाते आणि डिस्कमधली फट तशीच तापते. सनबोर्डची पट्टी कापून ती बाजूची वाट बंद करा. पंखा वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. पट्टी पंख्यापासून आणि प्रोसेसरच्या हीटसिंकपासून दूर राहील अशी टेपने पक्की करा.

३०४ मध्ये पुढे ९२ मिमीचे दोन पंखे आहेत. ते आत हवा ओढणारेच ठेवा, आणि मागचा १४० मिमीचा बाहेर फेकणारा. पुढची जाळी महिन्याला झटका, धूळ साचली की तापमान दोन-तीन अंशांनी चढतं आणि कारण लक्षात येत नाही. तापमान स्मार्टच्या १९४ नंबरला दिसतं. चारही डिस्कवर दोन-तीन तास वाचन चालू ठेवून बघा, नुसत्या रिकाम्या मशिनाचं तापमान फसवतं.

सहा_बत्तीस

आणि डिस्कवर ‘हे भोक झाकू नका’ असं लिहिलेलं असेल तर ते खरंच झाकू नका. पट्टी, टेप, फोम, काही नाही. तिथून डिस्कच्या आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळते. हेलियमवाल्या डिस्क बंद असतात, त्यांना असं भोक नसतं.

मधलाच_कुणी

रबराबद्दल विचारतो. रबराने उष्णता पत्र्यात जात नाही ना? मग आवाज कमी करण्याच्या नादात डिस्क जास्त तापणार. त्यापेक्षा घट्ट पेच बरे.

आटेदार

तापमानाचा मुद्दा बरोबर, पण त्याचा वाटा लहान. चार पेचांतून किती उष्णता जाणार? उष्णता जाते ती वाहत्या हवेतून. विदर्भी_ऊन यांनी लिहिलंय ते केलंत तर रबराने एखाद्या अंशापलीकडे फरक पडू नये.

रबराचा खरा तोटा वेगळाच आहे. डिस्कच्या आतला वाचणारा हात झटक्याने हलतो तेव्हा डिस्कचं अंग उलट दिशेला किंचित फिरतं. फार मऊ बांधणीत ते जास्त फिरतं, आणि हाताला ट्रॅक पकडायला वेळ लागतो. म्हणून डिस्क इलॅस्टिकवर लटकवण्याचे जे प्रकार आवाज घालवण्यासाठी करतात, ते एका डिस्कला ठीक, चार डिस्कच्या मशिनाला नाही. शिवाय मशीन उचललं की डिस्क झोके घेते. मधला मार्ग म्हणजे कॅबिनेटबरोबर आलेलं रबर आणि त्याचे मानवाले पेच. ते पुरेसं कडक असतं. अनेक डिस्क एकत्र चालवायच्या असतील तर नॅससाठी (नेटवर्कवरून फाइली पुरवणारं मशीन) म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क घ्या, त्या शेजारच्यांची थरथर सोसायला बनवलेल्या असतात.

मधलाच_कुणी

बरं. मग थ्रीडी प्रिंटरवर ब्रॅकेट काढून देणारे असतात, ते?

आटेदार

चालतात, पण पीएलए या प्लास्टिकचे नकोत. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि सततच्या वजनाखाली त्याच्या आधीच वाकायला लागतो. पीईटीजी घ्या, एबीएस असेल तर उत्तम. ६-३२ साठी भोक ३.७-३.८ मिमीचं ठेवायला सांगा, प्रिंट करताना भोकं थोडी आकसतात. डिस्कच्या वजनाने थर एकमेकांपासून ओढले जाणार नाहीत असं छापून घ्या, नाहीतर ब्रॅकेट थरावरच चिरतं.

तारांगण

आता क्रमांक तीन, ते राहूनच गेलं. पाचवं पोर्ट शोधू नका. ओएस एम.२ वर न्या. २२८० आकाराची एनव्हीएमई एसएसडीची पट्टी, २२ बाय ८० मिमी, वायर नाही, पॉवर नाही, कॅबिनेटातली एक डिस्कच कमी झाली. पण त्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा. काही बोर्डांत एम.२ भरलं की साटाचं एक पोर्ट बंद होतं, बहुतेक वेळा एम.२ मध्ये साटा जातीची पट्टी लावल्यावर. तीन डिस्क दिसतात आणि चौथी गायब, तेव्हा डिस्क उगाच बदलली जाते.

पट्टीचा पेच एम२ चा (म्हणजे २ मिमी जाडीचा), तीन मिमी लांबीचा, आणि त्याखाली छोटा पितळी खांब असतो. तो आधी योग्य जागी लावलाय ना ते बघा. खांब नसताना पेच लावला तर पट्टी वाकते.

पोर्टं वाढवायचीच असतील तर एएसएम११६६ चिप असलेलं कार्ड घ्या, सहा पोर्टं मिळतात. किंवा जेएमबी५८५ चं, पाच पोर्टांचं. एम.२ मध्ये बसणारी रूपंही मिळतात, पण मग एम.२ त्यातच जाणार. शिवाय त्यावर उभे राहणारे साटा कनेक्टर छोट्या कॅबिनेटात वरच्या ब्रॅकेटला अडतात. उंची मोजूनच घ्या.

एसएसडी ठेवायचीच असेल तर तिला ब्रॅकेट वाया घालवू नका. ७ मिमी जाड, पन्नासेक ग्रॅमची, आत काही फिरत नाही. जाड फोमच्या दुहेरी टेपने बाजूच्या पत्र्यावर चिकटवा, आधी पत्रा स्पिरिटने पुसून. हीच युक्ती फिरणाऱ्या डिस्कला लावायची नाही.

लॅमिंग्टन_फेरी

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे छोटे एसएफएफ डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. त्यात दोन डिस्क बसवता येतील का?

बाराव्होल्ट

येतात, पण त्यांची दुनिया वेगळी. अशा मशिनात डिस्कची पॉवर बहुतेक वेळा एसएमपीएसमधून नाही, बोर्डावरच्या छोट्या कनेक्टरमधून येते. ती वायर बोर्डाबरोबरचीच हवी. दिसायला सारखी पण दुसऱ्या कंपनीची वायर लावली तर १२ आणि ५ व्होल्टच्या जागा बदललेल्या असू शकतात. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय डिस्क जोडू नका. साटा पॉवरमध्ये ५ व्होल्ट लाल, १२ पिवळी असते हे खरं, पण या वायरी कधीकधी सगळ्याच काळ्या असतात.

या मशिनांत साधारण एक ३.५ ची जागा, काहींत तिथेच दोन २.५ बसवायची ट्रे, आणि पातळ डीव्हीडीची जागा असते. दुसरी डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडी, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाची चौकट, घालून बसवतात. कॅडी दोन जाडींत येते, १२.७ आणि ९.५ मिमी. जुना ड्राइव्ह बाहेर काढून जाडी मोजा, अंदाजाने मागवू नका. डीव्हीडीची पुढची प्लास्टिक पट्टी काढून कॅडीला लावता येते, नाहीतर समोर भोक राहतं आणि धूळ आत.

पातळ डीव्हीडीच्या कनेक्टरमध्ये पॉवरच्या सहाच पिना, आणि त्यात फक्त ५ व्होल्ट. म्हणून तिथे २.५ इंची डिस्क किंवा एसएसडी चालते. कन्व्हर्टर लावून ३.५ इंची जोडायचा प्रयत्न करू नका, तिला १२ लागतात.

आटेदार

२.५ इंची घेताना जाडी बघा. ७, ९.५, १२.५ आणि १५ मिमी अशा येतात. कॅडीत आणि टायनी-मायक्रो नावाच्या त्याहून छोट्या मशिनांत ७ ची सोय असते, क्वचित ९.५ ची. ४-५ टीबीच्या २.५ इंची डिस्क १५ मिमीच्या असतात, त्या तिथे शिरणार नाहीत. आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कचा डबा फोडून आतली लावायचा विचार असेल तर, काही २.५ इंचींमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट सर्किटवर असतं, साटाच नसतो. डबा फुटतो आणि हाती काही लागत नाही.

रिकाम्या ३.५ च्या जागेत ७ मिमीच्या एसएसडी तीन बसतात, दोन बाजूंना पट्ट्या लावून. २.५ ची खालची भोकं ६१.७२ बाय ७६.६ मिमीवर, कनेक्टरकडून पहिली जोडी १४ मिमीवर.

एचपीच्या बऱ्याच मशिनांत डिस्कच्या बाजूला गाईडचे पेच लावून ती खाचेत सरकवावी लागते. ते पेच मशिनातच पत्र्यावर ठेवलेले असतात. दुकानदाराने काढून घेतलेत का ते घेतानाच बघा.

कोपरा

माझं असं ठरलं. ओएस एम.२ वर. डिस्क चार, मधली जागा रिकामी. ८ टीबीच्या दोन पंख्यासमोर. तिसऱ्या ब्रॅकेटवरच्या डिस्कला सर्किटकडे वळणारी काटकोनी तार. तीन कनेक्टर साटा पट्टीतून, चौथा मोलेक्समधून. शेवटची शंका: झाकण लावण्याआधी काय तपासू?

तारांगण

सगळं जोडून, झाकण उघडं ठेवून चालू करा. बायोसमध्ये चारही दिसतायत ना बघा. मग प्रत्येक डिस्कची छोटी स्मार्ट चाचणी, आणि १९९ चा आकडा लिहून घ्या. आता झाकण लावा, पुन्हा चालू करा, पुन्हा तेच आकडे. झाकण लावल्यावर एखादी डिस्क गायब झाली तर तार झाकणाने दाबली जातेय.

मोठी चाचणी रात्री लावा. ८ टीबीला बारा तासांहून जास्त लागतात, अर्ध्यावर मशीन बंद करू नका. आणि कुठल्या ब्रॅकेटवर कुठला सीरियल नंबर आहे ते कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. पुढे एक डिस्क गेली की चौघींतली कुठली काढायची ते चारही बाहेर न काढता कळेल.